१९५१ ची शेवरले पिकअप: हँड गिअर पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये अडकतोय, गिअरबॉक्स उघडू की लिंकेज बघू?

गुऱ्हाळवाट (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. घरची गाडी आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५१ ची शेवरले ३१०० पिकअप. तीन स्पीड, हँड गिअर (म्हणजे गिअरचा लिव्हर स्टिअरिंगच्या कॉलमवर), २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं मूळ इंजिन. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना होता, तो १९५४ ला बंद झाला. आमची गाडी तिथं जोडलेली. आजोबांनी ती एका गुळाच्या व्यापाऱ्याकडनं जुनी घेतली आणि गुऱ्हाळावरनं गुळाचे रवे भरून शाहू मार्केट यार्डात नेण्यात तिची पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली. मागच्या फळ्यांवर पावसाळ्यात हात ठेवला तर अजून तळहात चिकटतो.

पंधरा वर्षं शेडमध्ये उभी होती. गेल्या वर्षी मी आणि धाकट्या भावानं इंजिन सुरू केलं, ब्रेक केले, टायर टाकले. आता राहिलाय तो गिअर.

मागच्या रविवारी कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला थांबलो होतो. पहिला टाकून निघालो आणि दुसऱ्यासाठी लिव्हर पलीकडं न्यायला गेलो तर जागच्या जागी दगड. पहिला सुटेना, दुसरा पडेना, न्यूट्रल मिळेना. मागं बस, बाजूला रिक्षावाले. शेजारी आबा बसले होते, माझे वडील, वय ७६. ते शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं, स्टिअरिंग कॉलमच्या तळाशी जे दोन लिव्हर असतात त्यातला एक अंगठ्यानं मागं रेटला. टक्कन आवाज आला. "आता टाक," म्हणाले. पडला.

रविवारपासून हे तीनदा झालं. शिवाय:
लिव्हरचा दांडा खाली लोंबतो, हातात अजिबात जीव लागत नाही.
पन्हाळ्याच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर सुटतो.
दुसरा ते तिसरा मात्र एकदाही अडकला नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांचं म्हणणं, गिअरबॉक्स गेलाय, खाली उतरवून दुसरा बसवू आणि गिअर फ्लोअरला घेऊ. आबांना ते ऐकवेना. मलाही पटत नाही, पण मला यातलं फार कळत नाही. मी फक्त रॉडचे नट दोन-चार आटे इकडंतिकडं फिरवून बघितले आणि ग्रीस भरलं. फरक शून्य.

कुणी या लिंकेजवर, म्हणजे लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या रॉडांवर, काम केलंय का?


रंकाळा_सकाळ:

फोटो बघितले. पाच आडव्या पट्ट्यांची ती जाळी बघून लहानपण आठवलं, गंगावेशीत अशीच एक हिरवी उभी असायची. नाद खुळा गाडी आहे.

तांत्रिक फार कळत नाही, पण एवढं विचारतो: क्लच नीट सुटतो का? आमच्या अँबॅसिडरला गिअर अडायचा तेव्हा निम्म्या वेळा दोष क्लचचा निघायचा.


गुऱ्हाळवाट:

धन्यवाद. पेडलला इंचभर मोकळी हालचाल आहे, आणि गाडी उभी असताना रिव्हर्स खरखर न करता पडतो. म्हणजे क्लच बरा असावा.


पाना_१४:

रिव्हर्स शांतपणे पडत असेल तर क्लच बाजूला ठेवा. तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटी आलंय: दुसरा ते तिसरा कधीच अडकत नाही. तिथूनच सुरुवात करा.

या गाडीत कॉलमच्या आत एक लांब शाफ्ट आहे. लिव्हर आपल्याकडं ओढला किंवा पलीकडं ढकलला की तो शाफ्ट उभा वर-खाली सरकतो. फिरवला की फिरतो. शाफ्टच्या तळाशी एक दात आहे आणि दाताच्या वर-खाली ते दोन लिव्हर, ज्यातला एक आबांनी अंगठ्यानं रेटला. एक लिव्हर पहिल्याचा आणि रिव्हर्सचा, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्याचा. दोघांनाही खाच असते. शाफ्ट सरकून दात ज्याच्या खाचेत जाईल तो लिव्हर फिरतो, त्याचा रॉड ओढला जातो, आणि गिअरबॉक्सच्या बाजूच्या कव्हरवरची आर्म हलते.

आता बघा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दात एकाच खाचेत राहतो, म्हणून तिथं कधी अडचण नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना त्याला एका खाचेतून निघून दुसरीत शिरायचं असतं. त्या क्षणी दोन्ही खाचा एका रेषेत नसतील तर दात अर्धा हिच्यात, अर्धा तिच्यात. मग लिव्हर हलवला की दोन्ही रॉड एकदम ओढले जातात. गिअरबॉक्सच्या कव्हरमध्ये इंटरलॉक आहे, तो दोन गिअर एकत्र पडू देत नाही. म्हणून सगळंच ठप्प. ती अडवणूक म्हणजे बॉक्स आपलं काम करतोय, बॉक्स मेला असं नाही.

बॉक्स उघडण्याआधी एक फुकटची चाचणी करा. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून ओंडके, इंजिन बंद. खालून दोन्ही रॉड गिअरबॉक्सच्या आर्मपासून सोडवा, स्प्लिट पिना काढल्या की निघतात. आणि बॉक्सवरच्या आर्म हातानं हलवा. प्रत्येक जागेवर ठाम टक् बसते का, आणि एक आर्म गिअरमध्ये असताना दुसरी अडते का, ते सांगा.


गुऱ्हाळवाट:

काल संध्याकाळी केलं. भाऊ वर टॉर्च धरून, मी खाली.

दोन्ही आर्म अगदी स्वच्छ बसतात. एक गिअरमध्ये टाकली की दुसरी जागची हलत नाही. न्यूट्रल तर बोटाला कळतं, खड्ड्यात गोटी पडावी तसं.

आणि रॉड हातात आल्यावर जे दिसलं ते सांगतो. पहिल्या-रिव्हर्सच्या रॉडचं वाकवलेलं टोक गोल राहिलेलंच नाही. एका अंगानं झिजून त्याला चंद्रकोर पडलीय, नखानं चाचपली तर कड लागते. ज्या भोकात ते बसतं ते भोक लांबट झालंय. भावाच्या व्हर्नियरवर टोक ८.१ मिलिमीटर, भोक लांबीच्या बाजूनं ९.७.


मेस्त्रीबुवा:

मी ४० वर्सं उद्यमनगरात लेथवर हुतो. आता पोरगा बघतंय, मी नुसता बसतो. तुमचं वाचलं म्हणून नातवाकडनं लिवून घेतो.

गिअरबॉक्सला हात लावू नगा. त्यो चांगला हाय, तुमच्याच हातानं तुमी तपासलाय.

एका भोकात दीड मिलिमीटर मोकळं, तर त्या रॉडच्या दुसऱ्या टोकाला पन तेवढंच असनार. झालं तीन. त्यात खालच्या लिव्हरच्या बैठकीत थोडं, दाताच्या खाचेत थोडं. खालचा लिव्हर अडीच इंचाचा आन वरचा दांडा दहा-अकरा इंचाचा, म्हंजे खालचं तीन मिलिमीटर वर मुठीत बारा होऊन येतंय. आन ही फकस्त एका रॉडची गोष्ट. दोन रॉड हाईत. दोगं आपापल्या मर्जीनं ढिलं असल्यावर खाचा समोरासमोर यायच्या कशा? नट फिरवून काय बी हुनार न्हाई. तुमी आज मेळ घालाल, उद्या रॉड भोकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसंल.

आदी ढिलाई मारा. मग नट.

भोक रीमरनं गोल करून मोठं करा आन गनमेटलचा बुश, म्हंजे कांशासारक्या धातूची बारकी नळी, दाबून बसवा. टोक वेल्डिंगनं भरून लेथवर फिरवून घ्या. बुशमदी टोक लई घट करू नगा. रॉडला थोडं तिरकं व्हावं लागतं, इंजिन हलतंय न्हवं. बोटानं फिरलं पायजे पर खटखट वाजाय न्हाई पायजे.


सांगलीचा_फियाटवाला:

माझ्या पद्मिनीला हँड गिअरच होता. नायलॉनचे बुश टाकले, दोनशे रुपयांत काम झालं. गनमेटल कशाला?


पाना_१४:

पद्मिनी आणि अँबॅसिडर चार गिअरच्या. तिथं साधारण एक रॉड ओळ निवडतो आणि दुसरा गिअर टाकतो, मांडणीच वेगळी. इथं दोन्ही रॉड गिअर टाकणारे आहेत, त्यामुळं दोघांची न्यूट्रल एकमेकांशी जुळावीच लागते. नायलॉन शांत चालतो हे खरं. पण हे रॉड एक्झॉस्टच्या अंगानं जातात, तिथल्या उष्णतेत तो किती टिकेल याची मला खात्री वाटत नाही. मेस्त्रीबुवांचा गनमेटलच घालावा.


शिरोलीकर:

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. ही गाडी वर्षातून किती वेळा बाहेर काढणार? फ्लोअर गिअर करून घेतला की आयुष्यभराची कटकट जाते. जीपचा बॉक्स सहज मिळतो, गिअर थेट बॉक्सच्या डोक्यावर. रॉड नाही, बुश नाही, काही नाही. जुन्या गाडीत चालवण्याचं सुख महत्त्वाचं. सिग्नलला बॉनेट उघडून उभं राहण्यात काय सुख?


गुऱ्हाळवाट:

राग कसला दादा. सिग्नलला उभं राहिलोय मीच, त्यामुळं तुमचं म्हणणं कळतं.


पाना_१४:

शिरोलीकर, जीपला तुमचं म्हणणं बरोबर आहे. या गाडीला नाही. ३१०० ला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा) उघडा नसतो, तो टॉर्क ट्यूबच्या आत बंद असतो, आणि ती ट्यूब पुढं थेट गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला जोडलेली. १९५४ पर्यंतच्या या गाड्यांना तशीच व्यवस्था होती. जीपचा बॉक्स घातला तर त्याला ही ट्यूब बसणार नाही. म्हणजे उघडा शाफ्ट हवा, त्यासाठी मागचा अ‍ॅक्सल बदलायला हवा, आणि स्प्रिंगांची धरबंदही, कारण गाडीचा ढकलण्याचा जोर आज ट्यूब घेते, नंतर स्प्रिंगांना घ्यावा लागेल. चार बुश वाचवायला निम्मी गाडी कापायची?

हाच बॉक्स ठेवून फ्लोअरला दांडा काढला तर पुन्हा रॉड आलेच, आणि पुन्हा त्यांचे बुश आले.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. या गाडीत मधल्या माणसाच्या पायाशी दांडा नाही म्हणून बाकावर तिघं सुखानं बसतात. ती गाडी तशी कल्पिलेली आहे. असं जुनं काम दुरुस्त होत असताना तोडू नये, असं माझं ठाम मत आहे.


शिरोलीकर:

टॉर्क ट्यूबचं मला माहीत नव्हतं. मग माझा सल्ला मागं घेतो.


गुऱ्हाळवाट:

आज अख्खा दिवस उद्यमनगरात गेला. सविस्तर लिहितो, पुढं कुणाला तरी उपयोग होईल.

सकाळी मेस्त्रीबुवांना फोन केला होता, "ये," म्हणाले. वाय. पी. पोवारनगरच्या अंगाला त्यांचं दुकान. बाहेर ऑइल इंजिनाच्या हेडांची रास, आत तीन लेथ. दोन्ही रॉड, बॉक्सवरच्या दोन्ही आर्म आणि कॉलमच्या तळाचे दोन्ही लिव्हर दातासकट घेऊन गेलो. स्टिअरिंग बॉक्स न उतरवता तळाची पकड सोडवून लिव्हर निघाले, फक्त आधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं वर-खाली लिहून ठेवलं.

बुवांनी चष्मा वर केला, रॉड हातात घेतला आणि काही न मोजता म्हणाले, "ह्यो रॉड कवा तरी वाकवून सरळ केलाय." खरंच, मध्ये एक हलका पोक होता. आबांना विचारलं तर म्हणाले, ७४ सालच्या पावसात गाडी ओढ्यात अडकली होती, तेव्हा दोर रॉडलाच बांधला होता. इतकी वर्षं आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं.

झीज भरायला त्यांच्या मुलानं टोकांवर वेल्डिंगचा थर दिला, लेथवर घेऊन साडेनऊपर्यंत उतरवला. गनमेटलची कांडी फिरवली, तिचा चिवडा (धातूचा कीस) सोन्यासारखा खाली पडत होता. बाहेरचा व्यास १३, आत रीमर मारून ९.५५. आर्मची आणि लिव्हरची भोकं १३ ला किंचित कमी ठेवली आणि बुश व्हाइसमध्ये दाबून बसवले. चारही. टोक आत घातलं, बुवांनी रॉड आडवा धरून सोडला. तो आपल्या वजनानं हळूच खाली आला, लोंबकळला नाही. त्यांनी मान हलवली.

मग तळाच्या दाताची आणि लिव्हरच्या खाचांची पाळी. ज्या दातावर सगळं अवलंबून त्या दाताच्या दोन्ही कडा गोल झालेल्या. ते म्हणाले, कड गोल झाली की दात खाचेत शिरता शिरता शेजारच्या खाचेवर चढतो. थर भरला आणि कानशीनं चौकोनी केला. खाचांच्या कडांवर फक्त बारीक बूर होती, ती काढली. खाच मोठी होऊ दिली नाही. दात खाचेत घालून बघितला तर कागदाएवढी फट राहिली.

वरच्या दांड्याचं लोंबणं वेगळंच निघालं. स्टिअरिंगच्या खाली दांडा ज्या आडव्या पिनेवर झुलतो ती पिन मधोमध पातळ झालेली. नवी पिन चांगल्या पोलादाची, भोक रीमर मारून सारखं. दांडा आता जिथं ठेवला तिथं थांबतो.

पैसे घ्यायला तयार नव्हते. आबा गाडी दाखवायला आणतील एवढंच कबूल करून घेतलं. शेवटी मुलाच्या हातात मजुरी दिली.


रंकाळा_सकाळ:

वाचता वाचता गनमेटलच्या चिवड्याचा वास आला. आता न्यूट्रल कशी जुळवणार, ते पण लिहा.


पाना_१४:

थांबा. नट फिरवण्याआधी इंजिनाचे आणि बॉक्सचे रबर बघा. हे लोक नेहमी शेवटी करतात आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं.

कॉलम चासी आणि बॉडीला घट्ट बांधलेला. गिअरबॉक्स इंजिनासकट रबरावर बसलेला. रॉड या दोघांच्या मध्ये. रबर दबून मऊ झालं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर बॉक्स एका अंगाला झुकतो, सोडल्यावर दुसऱ्या. तेवढ्यानं रॉड ओढले जातात. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दुसरा सुटतो म्हणालात ना? मला तिथं रबराचा संशय आहे.

एकाला सीटवर बसवा, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही घट्ट, दुसरा गिअर, क्लच किंचित सोडून लगेच दाबायचा. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतं ते बघा. गाडीच्या पुढं किंवा मागं कुणीही उभं राहायचं नाही.


गुऱ्हाळवाट:

बघितलं. एका बाजूला बोटाच्या दोन पेरांएवढं उचलतं. रबर काढलं तर तेलानं फुगून मऊ झालेलं, हातानं तुकडा तुटला. मूळ आकाराचं मिळालं नाही. शाहूपुरीतल्या एका जुन्या दुकानात जाड रबराचा पट्टा मिळाला, तो मापात कापून, मध्ये भोक आणि लोखंडी नळी घालून बसवला. सगळी बाजू आता सारखी. इंजिन दोन-तीन मिलिमीटर वर आलं. म्हणजे रॉड आधी जुळवले असते तर फुकट गेले असते, पाना_१४ म्हणाले तसंच.

आता न्यूट्रल, रंकाळा_सकाळ यांच्यासाठी:

गाडी सपाटीवर, चाकांना ओंडके. रॉड अजून बॉक्सच्या बाजूला जोडलेले नाहीत. बॉक्सवरच्या दोन्ही आर्म हातानं न्यूट्रलला बसवल्या, तो गोटी खड्ड्यात पडल्याचा अनुभव येईपर्यंत. मग कॉलमच्या तळाशी दोन्ही लिव्हरच्या खाचा एका रेषेत आणल्या. नुसत्या डोळ्यानं रेष पकडता येत नाही, म्हणून ६ मिलिमीटरच्या ड्रिलची दांडी खाचांतून उभी सरळ घातली आणि तशीच ठेवली. आता दोन्ही लिव्हर हलूच शकत नाहीत. मग रॉडच्या आटे असलेल्या टोकावरचा ट्रनियन (आर्मच्या भोकात बसणारा तुकडा) फिरवून फिरवून असा केला की तो आर्मच्या भोकात कुठलाही जोर न लावता, हात काढला तरी आपोआप बसेल. जरा ढकलावं लागलं तर तो चुकला. दोन्ही बाजूंचे नट आवळले, नवीन स्प्लिट पिना घातल्या, आणि ड्रिलची दांडी काढली.

दांडी काढायला विसरू नका. भाऊ विसरणार होता.

पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, दुसरा, पहिला, रिव्हर्स. इंजिन बंद ठेवून वीस वेळा. एकदाही अडलं नाही. आबा मागं खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "आवाज पहिल्यासारखा आला."


मेस्त्रीबुवा:

कॉलमवर जुनं ग्रीस काढलं का? त्येला धूळ लागून लापशी हुती. रॉकेलनं धुवा, फडक्यानं पुसा आन पातळ ग्रीस चमचाभर लावा. चोपडू नगा.


गुऱ्हाळवाट:

काढलं बुवा. काळ्या गुळासारखं निघालं. थंडीत सकाळी लिव्हर जड वाटायचा त्याचं कारणही तेच असणार.


पाना_१४:

आता एकच सवय. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. या बॉक्सला पहिल्याला सिंक्रो (गिअर पडताना दोन्हीकडचा वेग जुळवणारी व्यवस्था) नाही. दुसऱ्यातनं चालत्या गाडीत पहिला ओढायला गेलं तर दात रगडतात, माणूस जोर करतो, आणि तो सगळा जोर तुमच्या नव्या बुशांवर येतो.


सांगलीचा_फियाटवाला:

थोडं विषयांतर. व्हिंटेज म्हणून नोंदणी केलीत का? २०२१ च्या केंद्राच्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' असलेला नंबर दिलाय. पण तशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती-इंधनासाठी असं आहे.


गुऱ्हाळवाट:

वाचलंय. घरात त्यावर बोलणं चालू आहे, त्यासाठी वेगळा धागा काढीन.

रविवारी पन्हाळ्याला गेलो. सकाळी सहाला निघालो, शिवाजी पुलावर पंचगंगेचं धुकं होतं. केर्लीपर्यंत आबांनी चालवली, वाघबीळपासून वर मी. वळणावळणाला तिसरा-दुसरा, तिसरा-दुसरा. तीन दरवाजाजवळ थांबून पहिला टाकला, दुसरा टाकला, पुन्हा थांबलो. मुद्दाम आठ-दहा वेळा. अडला नाही.

उतरताना खरी परीक्षा. वाघबीळच्या वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, हात लिव्हरच्या जवळ धरून ठेवला. दुसरा सुटला नाही. खाली येईपर्यंत इंजिनानंच गाडी धरली.

एकच गोष्ट राहिली. रिव्हर्समध्ये जोरात मागं घेतली की रॉड कशाला तरी घासल्याचा आवाज येतो.


पाना_१४:

इंजिन वर आल्यामुळं रॉड एक्झॉस्ट पाइपच्या किंवा चासीच्या कडेला लागत असेल. ज्या जागी रंग गेलाय तिथं खडू लावून एकदा रिव्हर्स घ्या, खडू कुठं पुसला ते दिसेल. रॉड तापवून वाकवू नका. पाइपची पकड सैल करून पाइप खाली घ्या.


निपाणी_तंबाखू:

हा धागा परवा सापडला. माझ्याकडं जुनी फार्गो पिकअप आहे, मुंबईत प्रीमियरनं जोडलेली, कुर्ल्याची. हँड गिअर, तीन स्पीड, आणि हुबेहूब तुमचंच दुखणं: पहिला-दुसरा अडतो, दुसरा-तिसरा नाही. तुमच्या बुशचे माप मिळतील का? आणि मेस्त्रीबुवा बाहेरच्याचं काम घेतात का?


गुऱ्हाळवाट:

माप देतो, पण ते माझ्या झिजलेल्या भोकांवरनं काढलेलं आहे, तुमच्या गाडीला तसंच्या तसं बसेल असं समजू नका. बाहेर १३, आत ९.५५, लांबी आर्मच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त, म्हणजे वॉशर बुशवर टेकतो, आर्मवर नाही. आधी रॉड सोडवून बॉक्सच्या आर्म हातानं तपासा. त्या ठाम बसल्या तरच पुढं जा. फार्गोची कॉलमच्या तळाची रचना मी बघितलेली नाही, तिथला एक फोटो टाकलात तर पाना_१४ सांगतील.

आणि खडूची चाचणी केली. पाइपच्या पकडीचा बोल्ट लांब होता, त्याचं टोक रॉडला लागत होतं. कापून आखूड केला. आवाज बंद.


मेस्त्रीबुवा:

निपाणीकर, या. येताना रॉडबरोबर आर्म पन सोडवून आना, नुसता रॉड बघून बुश फिरवता येत न्हाई. सोमवारी दुकान बंद असतंय.